बारा माणसांचा पाया

साहेबराव औताडे यांचं घर अजून जमिनीच्या वर वीतभरही आलं नव्हतं, पण त्या घरात लिफ्टला जागा होती. बिडकीनच्या अलीकडं, पैठण रस्त्यापासून जरा आत, वीस बाय तीसचा प्लॉट आणि त्यात लिफ्ट! आज नाही हो, आज कुठली लिफ्ट. पण उद्या वर दोन मजले चढले आणि परवा साहेबरावांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला तर? तेव्हा काय स्लॅब फोडत बसायचं? म्हणून नकाशात एक चौकोन आतापासूनच मोकळा सोडलेला होता.

साहेबराव क्रांती चौकाजवळच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते, आणि ‘पुढचं बघून करायचं’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. या पुढचं बघण्याच्या कामात त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या संभाजीनगरात सापडला नसता. त्यांच्याकडं गाडी नव्हती, पण गाडीला जागा होती, आणि तीही लहानसहान गाडीला नव्हे. पुण्यात नोकरी करणाऱ्या सत्यमचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं, लग्न ठरायचं होतं. पण त्याच्या बायकोच्या आरशाला भिंत राखून ठेवलेली होती. सत्यमला जे पोर होईल त्याला अभ्यासाची खोली होती. येणार येणार म्हणून ठरलेल्या भाडेकरूला वेगळा जिना होता. पुढच्या पन्नास वर्षांत जे कोणी त्या घरात जन्माला येईल किंवा विकत आणलं जाईल, त्या सगळ्यांची सोय साहेबरावांनी करून ठेवली होती. अडचण फक्त आत्ता हयात असलेल्यांची होती.

त्यांतलं एक माणूस म्हणजे त्यांची बायको मुक्ताबाई. सगळ्यांना जागा वाटून झाल्यावर मागच्या कोपऱ्यात जो तुकडा उरला, त्यावर साहेबरावांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘स्वयंपाक’. सहा बाय सात. त्यातच ओटा, त्यातच फ्रिज, त्यातच धान्याची कोठी आणि त्यातच मुक्ताबाई.

“एवढ्यात मी वळू कशी?” मुक्ताबाईनं नकाशा बघून पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“वळायचं कशाला? सगळं हाताशी हाय. उभ्या जागी स्वयंपाक. तुझेच पाय वाचत्याल.”

वाचवणं हा साहेबरावांचा दुसरा छंद. पुढचं बघायचं आणि त्यात वाचवायचं, अशी त्यांची दुहेरी साधना चालायची. शहागंजात एक जुनं दुकान पाडत होते, तर त्याच्या खिडक्या त्यांनी भाव पाडून उचलल्या. घराचा नकाशा त्यानंतर झाला आणि भिंती खिडक्यांच्या मापानं ठरल्या. त्याच्याही आधी एका पावसाळ्यात सिमेंट स्वस्त मिळतंय म्हणून दहा गोण्या घेऊन ठेवल्या. प्लॉटचा तेव्हा पत्ता नव्हता. पाऊस पडला, हवेत ओल आली, आणि गोण्यांचे दगड झाले. त्यांतल्या दोन दगडांवर मुक्ताबाई आजही कपडे आपटते, आणि आपटताना जोर जरा जास्तच लावते.

पण सिमेंटचं तिला काही नव्हतं. खिडक्यांचंही नव्हतं. तिला पाहिजे होतं स्वयंपाकघर, आणि त्याचं कारण सांगितलं तर लोक हसतील म्हणून तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं.

लग्न झाल्यापासून ती शहागंजच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. स्वयंपाकाची जागा म्हणजे मागच्या खोलीतलं एक कपाट आणि त्या कपाटामागचा गॅस. पाहुणे बाहेर बसायचे, ती कपाटामागं. कुकर शिट्ट्या मारायचा, तेल तडतडायचं, आणि बाहेर एकदम हसू फुटायचं. मुक्ताबाई हातातली पोळी सोडून विचारायची, “काय झालं? काय झालं?” बाहेरून कोणीतरी म्हणायचं, “काय न्हाय गं, चहा ठेव.” सत्यम लहान असताना बोबडं काहीतरी बोलायचा, सगळे पोट धरून हसायचे. ते बोलणं काय होतं, हे मुक्ताबाईला आजतागायत कळलेलं नाही. आपल्या घरातले सगळे विनोद तिनं भिंतीच्या पलीकडून ऐकले होते, आणि तेही शेवटचं हसू तेवढं. म्हणून नव्या घरात तिला स्वयंपाकघर असं पाहिजे होतं की चार माणसं आत येऊन बसतील आणि जे काय बोलायचं ते तिच्यासमोर बोलतील. बस, एवढंच.

आणि आता ते हातचं जात होतं. शनिवारी सकाळी गयास मिस्त्रीनं प्लॉटवर पांढरी फक्की मारून आखणी केली. डब्याला भोकं पाडून त्यातून चुन्यासारखी भुकटी सोडत गयास चालला आणि बघता बघता मातीवर घर उमटलं. ही पार्किंग, हा हॉल, ही लिफ्ट. मुक्ताबाई कोपऱ्यातल्या आपल्या चौकोनात जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरले, तर दोन्हीकडच्या भिंती हाताला लागतील असं तिला वाटलं.

“गयासभाऊ, ही रेघ जरा पुढं नाय का सरकणार?” साहेबराव लांब गेल्यावर तिनं हळूच विचारलं.

“आज म्हनाल तर आज सरकंल, वैनी. फक्कीच हाय, फुंकर मारली की गेली. पन साहेबांनी म्हनायला पायजे. एकदा पाया खोदला, सळई उभी ऱ्हायली, की मंग रेघ हलत नसती.”

“आन पाया कधी?”

“साहेबांचा हुकूम आला की दुसऱ्या दिवशी.”

साहेबरावांचा हुकूम त्याच दुपारी निघाला.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. गयास मिस्त्रीची तीन पिढ्यांची मराठी. त्याची बायको जैतुनबी तर अशी मराठी बोलायची की आठवडी बाजारात भाजीवाल्याला भाव उतरवावा लागायचा. पण साहेबरावांचा असा समज की मुसलमान माणूस दिसला की हिंदीतच बोलायचं. नाही तर आपण शिकलेले कसले. ती हिंदी त्यांनी कुठून पैदा केली होती, देव जाणे. समोरचा मराठीत बोले, हे हिंदीत उत्तर देत, आणि दोघांचंही निभावून जाई. आजवर निभावलं होतं.

दुसरी गोष्ट जैतुनबीची. ती घरून जेवणाच्या ऑर्डरी घ्यायची. नान-खलिया, बिर्याणी, आणि थंडीच्या दिवसांत पाया. बकऱ्याचे पाय रात्रभर मंद आचेवर ठेवून सकाळी जो रस्सा निघतो, त्यासाठी लोक तिच्याकडं लांबून डबे घेऊन यायचे. हे मुक्ताबाईला ठाऊक होतं. साहेबरावांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ऑर्डर द्यावी लागेल अशा गोष्टींची माहिती ते ठेवत नसत.

तर दुपारी साहेबरावांनी गयासला फोन लावला. तो दुसऱ्या साइटवर स्लॅबच्या गडबडीत, फोन बंद. मग जैतुनबीला लावला. फोन कानाला धरला की कान तापतो म्हणून स्पीकर चालू. मुक्ताबाई पलीकडं तांदूळ निवडत बसलेली.

“हॅलो, भाभी? मैं साहेबराव. मिस्त्री का फोन लग नहीं रहा.”

“ते स्लॅबवर हायत, भाऊ. मला सांगा, काय काम?”

“कल पाया करना है.”

“पाया? तुमी सांगताय?”

“हां, मैं. दूसरा कौन? कल इतवार है, छुट्टी है. बारा आदमी का हिसाब रखो.”

“बारा मानसांचा पाया.” जैतुनबी एकेक शब्द जपून बोलत होती. “किती वाजता द्यायचा?”

“सुबह जल्दी. धूप के पहले.”

“बरोबर हाय, पाया सकाळचाच चांगला.”

“और रात से पानी डाल के रखने का. एकदम नरम पडना मंगता.” साहेबरावांच्या डोळ्यांपुढं प्लॉटवरचा कडक मुरूम होता.

“ते मला सांगायला नको, भाऊ. रातभर ठिवते. असा नरम करते की हाड सोडंल!”

हाडांचा विषय निघाल्यावर साहेबरावांना वाटलं, बाई मजुरांच्या कष्टाबद्दल बोलते आहे. “हड्डी का कुछ नहीं, भाभी. काम होने से मतलब. और माल की फिकर मत करो. माल पूरा मेरा.”

“पूरा तुमचा?”

“एक नंबर माल डालो. दूसरे जगह मैं हाथ आखडता, पाये में नहीं!”

तांदूळ निवडणाऱ्या मुक्ताबाईचा हात थांबला होता तो थांबलेलाच होता. एक शब्द बोलायचा अवकाश होता. ‘अहो, पाया म्हंजी तिला खायाचा वाटला,’ एवढं म्हटलं असतं की झालं असतं. ते वाक्य तिच्या ओठापर्यंत आलं, तिथं जरा घुटमळलं, आणि मुक्ताबाईनं ते तांदळातल्या खड्यासारखं बाजूला काढून ठेवलं.

“लई हुशार बाई,” फोन ठेवून साहेबराव म्हणाले. “एका फटक्यात सगळं समजलं तिला.”

“व्हय तर,” मुक्ताबाई म्हणाली, आणि ताट घेऊन मागच्या खोलीत पळाली. तिथं तोंडात पदर कोंबून ती पोटभर हसली. हसून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की हे नुसतं हसण्यावारी घालवायचं काम नाही. उद्याच्या सकाळी फावडी न येता पातेलं येणार होतं. म्हणजे रेघ अजून एक दिवस रेघच राहणार होती.

साहेबराव दाढी करायला बाहेर पडताच तिनं जैतुनबीला फोन लावला.

“वैनी,” पलीकडून जैतुनबीच आधी बोलली, “साहेबांची तब्येत बरी हाय ना? खरं सांगा.”

मुक्ताबाईनं खरं ते सांगितलं. पलीकडं असं हसू फुटलं की फोन खाली पडल्याचा आवाज आला. जरा वेळानं जैतुनबी दम घेऊन म्हणाली, “म्हंजी ऑर्डर कॅन्सल?”

“अज्याबात नाय. तुमच्या कष्टाचं मी त्यांच्याच खिशातून काढून देते, माझा शब्द. पन गयासभाऊला काय सांगू नका. साहेबांनी दावत दिलीय, एवढंच म्हना. आन पंगत प्लॉटवर. पातेलं आपन स्वयंपाकघरात ठिवू.”

“स्वयंपाकघर कुठं झालंय?”

“रेघा झाल्यात की. तेवढ्यात मावतं का बघू.”

जैतुनबीनंही संसार केला होता. तिनं पुढं एक अक्षर विचारलं नाही. फक्त म्हणाली, “मोठं पातेलं आनते.”

गयासला संध्याकाळी हे कळलं तेव्हा त्याचा आधी विश्वास बसला नाही. स्लॅब पडल्यावर कामगारांना जेवण द्यायची रीत असते; ती साहेबरावांनी बोलणी ठरतानाच खोडून टाकली होती. तो माणूस पाया खोदायच्या आधीच पाया खाऊ घालतो? पण त्यानं साहेबरावांना फोन करून विचारलं नाही. ज्या ज्या मजुराला निरोप गेला, त्यांतल्या एकानंही विचारलं नाही. विचारलं आणि मालकाचं मन फिरलं तर काय घ्या, अशी सगळ्यांना मनापासून भीती होती.

रविवारी सकाळी साहेबराव टेप, नारळ आणि उदबत्तीचा पुडा घेऊन प्लॉटवर हजर. नारळ लहानात लहान बघून निवडलेला. मागं मुक्ताबाई, हातात वाडग्यांची पिशवी. “मजुरांना चहा द्यायला,” असं तिनं सांगितलं होतं. साहेबराव रस्त्याकडं डोळे लावून उभे होते. लांबून रिक्षा येताना दिसली, आणि तिच्या मागं पायी येणारे गयासचे मजूर. सगळ्यांच्या अंगावर धुतलेले कपडे. एकानं तर डोळ्यांत सुरमा घातलेला.

“फावडी कुठंयत?” साहेबराव ओरडले. मग आपण कोणाशी बोलतोय ते आठवून म्हणाले, “फावडा किधर है?”

“फावड्याचं काय काम, साहेब?” गयासनं रिक्षातून उतरत विचारलं. “चमचे आनलेत की.”

रिक्षातून जैतुनबी उतरली. तिच्या मागून दोघांनी मिळून एक पातेलं उतरवलं. पातेल्याच्या तोंडाला कपडा बांधलेला, आणि तो कपडा जरा सैल होताच जो वास सुटला तो थेट शेजारच्या प्लॉटवरच्या वॉचमनपर्यंत गेला. तोही वाडगा घेऊन निघाला.

“ये क्या है?” साहेबरावांचा आवाज चिरकला.

“पाया,” जैतुनबी म्हणाली. “बारा मानसांचा. रातीपासनं पानी घालून ठिवलेला. एक नंबर माल.”

साहेबरावांनी पातेल्याकडं पाहिलं, टेपकडं पाहिलं, आखणीकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर कालचा फोन पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पुन्हा वाजून गेला. मग त्यांनी सावकाश मुक्ताबाईकडं मान वळवली. मुक्ताबाई आभाळात घार शोधत होती.

“तुला कळलं होतं?”

“मला कुठं हिंदी येती?” मुक्ताबाई म्हणाली.

परत पाठवायची सोय नव्हती. बारा माणसं उपाशीपोटी आलेली, तेराव्या वॉचमननं तर वाडगाही पुढं धरलेला, आणि खरं सांगायचं तर वास साहेबरावांच्याही नाकात शिरला होता. दुसऱ्याच्या लग्नात त्यांनी पाया कधी सोडला नव्हता. “बसा,” ते मेल्या आवाजात म्हणाले. “आता काय. बसा.”

“असं उघड्यावर नाय बसायचं,” मुक्ताबाई पुढं झाली. “घरात बसायचं. रेघ वलांडायची नाय, भिंत हाय ती. जिथं दार आखलंय तिथनंच यायचं-जायचं.”

माणसांना हा खेळ भलताच आवडला. दारातून वाकून, चपला बाहेर काढून सगळे आत आले. एकानं नसलेली कडी वाजवली. गयास आणि जैतुनबी पातेलं घेऊन हॉलच्या कडेला आखलेल्या बोळातून मागं निघाले, अभ्यासाच्या खोलीला वळसा घालून, लिफ्टच्या कडेनं, स्वयंपाकघरात. पातेलं ठेवलं, नानचं गाठोडं ठेवलं, फ्रिजची जागा म्हणून एक दगड ठेवला, ओट्याची जागा सोडली आणि मुक्ताबाई आत शिरली. स्वयंपाकघर भरलं. जैतुनबी बाहेरच राहिली.

हॉलमध्ये साहेबरावांनी स्वतः सोफ्याची, टीव्हीची आणि शोकेसची जागा राखली. उरलेल्यात ते एकटे मांडी घालून बसले. दोघं अभ्यासाच्या खोलीत गुडघ्याला गुडघा लावून. एक जण लिफ्टमध्ये. बाकीचे सगळे गाडीच्या जागेत गेले आणि तिथं ऐसपैस पाय पसरून बसले. सुरमावाला तर एका कुशीवर कलंडला.

मुक्ताबाई वाढू लागली. पहिला वाडगा घरमालकाचा. गरम वाडगा पदरात धरून बोळातून निघायचं, लिफ्टवाल्याला ‘पाय घ्या’ म्हणायचं, वळायचं, हॉलच्या दारातून आत. मग तसंच परत. मग गाडीकडं. गाडीला घरातून दार नव्हतं, म्हणून बाहेरच्या दारातून फेरा घालून जायचं. जैतुनबी मध्येच वाडगा घ्यायला धावे आणि बोळात दोघी समोरासमोर अडकत. “आधी तुमी” म्हणत एक मागं सरकली की दुसरीही मागं सरके.

साहेबरावांचा पहिला वाडगा झक्क लागला. त्यांचा राग एक बोट उतरला. त्यांनी दुसरा मागितला. तो फिरत फिरत येईस्तोवर वरचा तवंग गोठला आणि रस्सा ओठांना चिकटू लागला.

“गार हाय हा!”

“लांबनं येतोय,” मागून मुक्ताबाईचा आवाज.

एवढ्यात गाडीच्या जागेत जोराचं हसू फुटलं. सगळेच्या सगळे हसत होते, सुरमावाला तर उठून बसला होता.

“काय झालं?” स्वयंपाकघरातून मुक्ताबाईनं विचारलं. तोंडातून गेलं ते सवयीनं गेलं; यात तिचा काही डाव नव्हता.

कोणी सांगितलं नाही. आणि मग हॉलमधून दुसरा आवाज आला, “काय झालं?” साहेबराव मान उंच करून विचारत होते. त्यांनाही कोणी सांगितलं नाही. पुन्हा हसू फुटलं. साहेबराव उठले, वाडगा घेऊन हसण्याच्या दिशेनं सरळ निघाले.

“भिंत हाय तिथं,” मुक्ताबाई ओरडली.

साहेबरावांचा एक पाय हवेत थांबला. आपलीच भिंत, पायानं कशी मोडणार. ते वळले, दारातून गेले, फेरा घालून गाडीच्या जागेपाशी पोचले. तोपर्यंत हसणं संपलेलं.

“काय बोल्ले रे?”

सगळे वाडग्यात बघू लागले. शेवटी गयासच म्हणाला, “काय न्हाय साहेब, पोरगं येडं हाय. म्हनतंय, पुढचा जनम या घरात मिळाला तर गाडीचा मिळावा. बायकोचा नको.”

साहेबराव हसले नाहीत. ते तसेच मागं आले, बोळातून, लिफ्टच्या कडेनं, थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. मुक्ताबाई पातेल्याला टेकून उभी होती. टेकण्याला दुसरा इलाजच नव्हता. रश्श्याच्या वाफेनं तिचं तोंड घामाघूम झालेलं.

“तू जेवलीस?”

“कुठं बसून जेवू?”

“सरक, मी येतो आत.”

“जागा नाय.”

“मंग तू ये भाईर.”

“मी भाईर आले तर वाढील कोन?” मुक्ताबाईनं पळी पातेल्यात सोडली. आता तिच्या आवाजात थट्टा उरली नव्हती. “मला काय म्हाल नको होता वो. हौद नको, गच्ची नको. सत्तावीस वर्षं मी कपाटामागं उभी हाय. तुमी हसता भाईर, मी इचारते काय झालं, आन कुनी सांगत नाय. सत्यम काय बोबडं बोलायचा ते बी मला ठावं नाय. मला लई वाईट वाटतं त्याचं. घरातलं हसू मला येळेवर ऐकू यावं, एवढ्यासाठी जागा मागत होते मी.”

साहेबरावांच्या कानावर बायकोचं हे कधी आलं नव्हतं, याचं कारण ते नेहमी हसणाऱ्यांच्यात बसलेले असत. आज पहिल्यांदाच हसणं दुसरीकडं झालं होतं. तेवढ्यानंही ते भिंत मोडून धावायला निघाले होते, आणि तेही एकाच सकाळच्या एकाच विनोदासाठी.

तरीही ते साहेबराव होते. जाता जाता एक खडा टाकून पाहिलाच. “आन गाडी?”

“गाडी कुठली घेतली, साहेब?” गयास लगबगीनं पुढं आला.

“घ्यायचीय.”

“ती येईस्तोवर तिला रस्त्यावर उभी ऱ्हाऊ द्या,” जैतुनबी म्हणाली. “न आलेल्या गाडीला ऊन लागत नाय.”

साहेबरावांनी वाडगा खाली ठेवला. कालच्या आखणीनंतर कडेला ठेवलेला फक्कीचा डबा उचलला. चपलेनं घासून घासून स्वयंपाकघराची पुढची भिंत पुसली. मग डबा उपडा धरला, आणि उलट्या पावलांनी, मागं मागं सरकत नवी रेघ ओढायला लागले.

“कुठवर पायजे ते सांग,” ते म्हणाले. “बास म्हन, मी थांबतो.”

आजवर त्यांनी मुक्ताबाईला ‘पुरतं का’ असं पुष्कळदा विचारलं होतं. ‘किती पाहिजे’ असं कधी नाही. आणि बास म्हणण्यात तर तिचा हात कोणी धरला नसता. साडीच्या दुकानात दुसरी घडी उलगडायच्या आधी ती बास म्हणायची, पंगतीत जिलबी समोर यायच्या आधीच पानावर आडवा हात धरायची. आताही शब्द आपोआप जिभेवर आला. तिनं तो गिळला.

रेघ बोळ ओलांडून गेली. अभ्यासाच्या खोलीतले दोघं वाडगे उचलून उठले. रेघ त्या खोलीतून गेली, न जन्मलेल्या नातवाचं टेबल आत घेऊन. लिफ्टमधला माणूस निमूट उतरला. साहेबराव दर पावलाला मान वर करून बायकोकडं बघत होते.

“मुक्ते, बास म्हन की!”

मुक्ताबाईनं नानचा तुकडा मोडला, वाडग्यात बुडवला आणि पहिल्यांदाच निवांत खाली बसून तोंडात घातला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि गालांत हसू मावत नव्हतं. जैतुनबी तिच्या शेजारी येऊन बसली. मग गयास. मग एकेक करून सगळेच आत आले आणि गोल करून बसले. कोणीतरी काहीतरी बोललं आणि मुक्ताबाई सगळ्यांच्या बरोबर, अगदी त्याच वेळी हसली.

साहेबराव गाडीच्या पुढच्या चाकांपर्यंत पोचले होते. त्यांनी डबा हलवून पाहिला.

“अगं, फक्की संपत आली!”

“गयासभाऊ,” मुक्ताबाई बोटं चाटत म्हणाली, “दुसरी पिशवी आनलीय का?”